वाचून दाखव

लॅपटॉप सुरू व्हायचा, आणि मग त्याचं मन बदलायचं.

बटण दाबलं की हिरवा दिवा लागे, आत पंखा घरघरे, पडद्यावर पांढरी चौकट येई आणि तिच्या डोक्यावर सूचना : ‘मालकाने आपला नेहमीचा उतारा टंकित करावा.’ हणमंतराव डुबल खुर्ची पुढे ओढत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि कोंबडी दाणे टिपते तसे दोन बोटांनी एकेक अक्षर टिपायला लागत. उतारा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनीच रचलेला होता. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय कळविण्यात येते की…’ असे चाळीस शब्द. ते संपले की निळं वर्तुळ फिरे, नऊ टक्क्यांवर येऊन अडे आणि पडदा काळा होण्याआधी दोन ओळी दिसत. ‘ओळख पटत नाही. शिल्लक प्रयत्न : अकरा.’ दर वेळी एक कमी.

कराडच्या एका कचेरीत तीस वर्षं अव्वल कारकुनी केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यायची सवय नव्हती. ‘ओळख पटत नाही’ हे त्यांनी लोकांना सांगायचं वाक्य. चुकीच्या जागी सही केलेले किती अर्ज त्यांनी परत पाठवले असतील, त्याची गणती नाही. चौदाव्या वेळी त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर चापट मारली, पूर्वी रेडिओला मारायचे तशी.

आतल्या खोलीत खिडकीशी बसलेल्या रत्नमालाबाईंनी मान वळवली. ओठ हलले आणि ‘त… त… त…’ एवढंच बाहेर आलं. साडेचार महिन्यांपूर्वी सकाळी चहा गाळताना त्यांना झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज शाबूत होती, हेच जास्त वाईट होतं. दिवसातून पन्नास वेळा स्वयंपाकघरातून येणारं ‘अहो’ बंद झालं होतं. एकेकाळी त्या हाकेने वैतागणारे हणमंतराव आता घरातलं घड्याळ थांबल्यासारखे बावचळून घरभर फिरत. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आणि त्याचं ऐकणारीला उत्तर देता येत नव्हतं.

उपाय निघाला होता, तो साताऱ्याच्या डॉक्टर सायली बर्गे यांच्याकडे. ‘वाचासेतू’ त्याचं नाव. मेंदूच्या पृष्ठभागावर नखाएवढी जाळी आणि कानामागे एक छोटा ध्वनिक्षेपक.

“काका, बाईंच्या मनात अर्थ तयार होतो, पण त्याचं वाक्य होत नाही,” डॉक्टरांनी समजावलं होतं. “लिहायला गेल्या तरी तेच होणार. ही जाळी तो अर्थ पकडते आणि त्याच माणसाच्या जुन्या बोलण्यातून त्याला सगळ्यांत जवळचं वाक्य शोधून काढते. परक्याची भाषा भरली तर मेंदू ती झिडकारतो. म्हणून त्यांचं स्वतःचं बोलणं लागेल. निदान तीस तासांचं. आणि झटक्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर जाळी रुजत नाही.”

“तीस?” हणमंतराव म्हणाले होते, “माझ्याकडे एकशे दहा तासांचं आहे.”

“त्यांचंच बोलणं ना?”

“तिचाच आवाज आहे हो.”

हे एकशे दहा तास त्या लॅपटॉपमध्ये होते.

ते तिथे कसे आले, हे सांगितलं पाहिजे. निवृत्तीनंतर हणमंतरावांनी पत्रं लिहायला घेतली होती. गटार तुंबलं, पत्र. दिवा गेला, पत्र. पत्राला उत्तर आलं नाही, तर त्याचं स्मरणपत्र. रोज सकाळी दहाला चहा झाला की ते वेताच्या खुर्चीत बसून सांगत आणि रत्नमालाबाई टाइप करत. बाईंनी सव्वीस वर्षं टंकलेखनाचा वर्ग चालवला होता. निम्म्या गावाची बोटं त्यांनी वळवली होती. यांनी सांगायचं आणि तिने टाइप करायचं, हे लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ठरलं होतं. कुणी ठरवलं ते मात्र आता आठवत नव्हतं. पत्र पुरं झालं की हणमंतराव डोळे मिटून म्हणत, “वाचून दाखव.” ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवी. प्रत्येक कागदासोबत त्याचं वाचनही साठवायची सोय त्या यंत्रात होती आणि हणमंतरावांनी ती पहिल्याच दिवशी सुरू करून घेतली होती. पुरावा असावा म्हणून. दुसरीकडे कुठे प्रत ठेवायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता. कचेऱ्यांविरुद्धची पत्रं परक्यांच्या गोदामात ठेवायला ते काही खुळे नव्हते.

आणि कुलूप? पासवर्ड तोवर इतिहासजमा झाले होते. २०३५च्या सुमारास यंत्रं इतकी हुशार झाली, की कुठलाही पासवर्ड त्यांना घटकाभरात सापडे आणि कुणाचाही चेहरा किंवा आवाज हुबेहूब वठवता येई. वठवता येत नव्हती ती फक्त माणसाच्या हाताची लय. बोट एका बटणावर किती क्षण टेकतं, पुढच्या बटणावर जायला किती वेळ घेतं, जोडाक्षरापाशी कुठे किंचित थबकतं, हे वर्षांच्या सवयीने मेंदूत कोरलं जातं. ज्याचं त्यालाही ते सांगता येत नाही, मग चोराला कुठून कळणार? त्या लयीतूनच कुलपाची किल्ली दर वेळी नव्याने घडे. ती कुठेच साठवलेली नसे, त्यामुळे यंत्र बनवणाऱ्यालाही दार उघडता येत नसे. हात हळूहळू म्हातारा झाला तर यंत्र सांभाळून घेई. हात एकाएकी बदलला, तर मात्र पंच्याऐंशी टक्के जुळल्याशिवाय दार उघडणार नाही. पंचवीस प्रयत्न फुकट गेले, की आतल्या सगळ्याची राख.

नोंदणी मालकाने स्वतःच्या हाताने करावी, असा कायदा होता. लॅपटॉप हणमंतरावांच्या नावावर होता. नोंदणीच्या दिवशी त्यांनी वेताच्या खुर्चीतून उतारा सांगितला आणि रत्नमालाबाईंनी टाइप केला. चार वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दत्त चौकामागच्या बोळात फिरोज मुजावरचं दुरुस्तीचं दुकान होतं. फिरोज बेचाळिशीचा, दाढेखाली लवंग धरून मोजकं बोलणारा.

“टाइप कोण करतंय ह्यावर, काका?” त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

“मीच. माझं यंत्र, मीच करणार की.”

लोकांचे खोटे दाखले आयुष्यभर पकडलेल्या माणसाला आपण खोटी नोंदणी केली हे कबूल करायची लाज वाटली. शिवाय त्यांची मनोमन खात्री होती, की मूळ बिघाड यंत्राचाच आहे. तो एकदा निघाला की यंत्र त्यांनाही ओळखेल. मालकाला ओळखत नाही म्हणजे काय?

फिरोजने चार्जर बदलून पाहिला. बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, बाहेरचा पडदा जोडला, बटणांखालची जाळी इंचाइंचाने तपासली. मध्येच तीनदा हणमंतरावांना बसवून उतारा टाइप करायला लावला. नऊ टक्के, आठ टक्के, नऊ टक्के. शिल्लक प्रयत्न आठ. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी फिरोजने त्यांना बोलावून समोर बसवलं.

“मशीन खणखणीत हाय, काका. आजारी असती तर बरं झालं असतं.” त्याने लॅपटॉपला एक वायर जोडली. “ह्यातनं किल्ली मिळत न्हाई. पण जुन्या हाताची एक अंधूक सावली राहती, ती आवाजात ऐकता येती. ऐका.”

छोट्या स्पीकरमधून टकटक सुरू झाली. भरभर, सारखी, दर शब्दानंतर श्वासाएवढी फट. हणमंतरावांनी मान खाली घातली. फिरोजने खणातून लोखंडी पट्टी काढली आणि टेबलावर त्याच ठेक्यात वाजवायला सुरुवात केली. स्पीकर बंद केला तरी पट्टी वाजतच राहिली.

“दोन हजार एकोणीसची बॅच. सकाळी सातची,” तो म्हणाला. “ठेका चुकला की बाई अशीच पट्टी बाकावर वाजवायच्या. ह्यो हात तुमचा न्हाई काका. ह्यो बाईंचा हात हाय. पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलंत?”

“यंत्र माझ्या नावावर आहे,” एवढंच हणमंतराव म्हणाले. नेहमी त्यांच्याकडे निदान तीन परिच्छेद तयार असत.

“बाई कशा आहेत?” फिरोजने विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

“बोलत नाही ती,” हणमंतराव म्हणाले, आणि दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांना रडू आलं.

त्याच संध्याकाळी फिरोज लॅपटॉप घेऊन घरी आला. रत्नमालाबाईंनी त्याला ओळखलं. डावा हात त्याच्या केसांतून फिरवला. छापलेला उतारा समोर ठेवला तेव्हा त्यांचा डावा हात आपणहून जागेवर जाऊन बसला. जुन्या टंकलेखिकेची नजर अक्षरावर पडली की बोट हलतं, मध्ये वाचेची गरज पडत नाही. पण मराठी कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला येतात, व्यंजनं बहुतेक उजव्या. उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. पडद्यावर नुसत्या काना-मात्रा उमटल्या. वर्तुळ एक्कावन्न टक्क्यांवर थांबलं.

मग फिरोजने एकट्याने टाइप केलं. चोसष्ट.

“वीस वर्षं झाली, तरी चोसष्ट,” तो पुटपुटला. मग बाईंच्या उजवीकडे स्टूल ओढून बसला. “बाई, डावा तुमचा, उजवा माझा. चालंल?”

रत्नमालाबाईंनी होकाराची मान डोलावली. चौऱ्याहत्तर टक्के. शिल्लक प्रयत्न पाच.

त्यानंतर तीन आठवडे फिरोज दुपारी दुकान बंद करून यायचा. लॅपटॉप कपाटात ठेवून एका जुन्या, बिनकामाच्या कीबोर्डवर सराव चाले आणि हणमंतराव बाजूला उभे राहून पट्टीने ठेका देत. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोच्या कामात हाताखाली होते. फिरोज चुकला की बाईंचा डावा हात थांबे, त्याच्या मनगटावर हलकी चापट बसे आणि तो चाळिशीपार गेलेला माणूस “सॉरी बाई” म्हणे. घरात पुन्हा वर्ग भरल्यासारखं वाटायचं. हणमंतरावांना ते दिवस चांगले गेले असं नंतर वाटलं, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

लॅपटॉप बाहेर काढला. एकोणऐंशी. दोन दिवसांनी एक्क्याऐंशी. मग त्र्याऐंशी. मग पुन्हा त्र्याऐंशी. शिल्लक प्रयत्न एक.

डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले नऊ दिवस उरले होते.

“आता हात लावायचा न्हाई,” फिरोज म्हणाला. “दोन टक्के कुठं सांडतायत तेच कळंना.”

रत्नमालाबाई काही दिवसांपासून एक वेगळीच खूण करत होत्या. सरावाला बसलं की छापलेला कागद ढकलून देत आणि वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवत. हणमंतरावांना वाटे, ती आपल्याला बसायला सांगतेय. “दमलो नाही मी,” असं म्हणून ते पट्टी वाजवत राहत. त्या दिवशी मात्र बाईंनी त्यांच्या हातातली पट्टी हिसकावली आणि खुर्चीच्या हातावर फटकन मारली.

फिरोज बघत राहिला. “काका, बाई रोज सकाळी मशीन सुरू करायच्या, तवा तुम्ही कुठं असायचा?”

“खुर्चीत. मी सांगायचो, ती टाइप करायची.”

“सुरुवातीचा उतारापण? त्यो तर बाईंना पाठ असंल की.”

“पाठच होता. पण माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती सुरू करायची नाही.” हणमंतराव थांबले. “म्हणजे… मीच करू द्यायचो नाही.”

फिरोजने शेवटच्या प्रयत्नासाठी लॅपटॉप बाईंपुढे ठेवला आणि तो त्यांच्या उजवीकडच्या स्टुलावर बसला. हणमंतराव वेताच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“महोदय,” ते म्हणाले आणि सवयीने खाकरले. “उपरोक्त विषयास अनुसरून…”

त्यांच्या स्वल्पविरामापाशी दोन्ही हात, बाईंचा डावा आणि फिरोजचा उजवा, थांबले आणि त्यांच्या खाकरण्यासाठी थबकले. शब्द तोंडातून सुटायच्या आधीच डावा हात त्याच्या वाटेवर निघालेला असे. त्या हाताच्या लयीत चार वर्षांची, नव्हे पंचेचाळीस वर्षांची, यांची जीभ मुरलेली होती. वर्तुळ फिरलं. त्र्याऐंशीवर रेंगाळलं. श्याऐंशी. पडदा उजळला आणि पत्रांच्या चळतीवर चळती दिसू लागल्या.

फिरोज उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. हणमंतरावांनी बायकोचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, चालणारा आणि न चालणारा. त्यांना इतका आनंद झाला होता, की ती हसत नाहीये हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सातव्या दिवशी साताऱ्याला जाळी बसली. साठा भरायला एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बर्गे पलंगाशी उभ्या राहिल्या. हणमंतराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. फिरोज पेरू घेऊन आला होता.

“छान जुळलंय हो,” डॉक्टर म्हणाल्या. “इतक्या लवकर कुणाचंच जुळत नाही. मेंदूने एकही वाक्य परकं मानलं नाही. बाई, तोंडाने प्रयत्न करू नका. नुसतं मनात आणा.”

रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हणमंतराव पुढे वाकले. त्यांना ‘अहो’ ऐकायचं होतं. फार काही नको होतं.

कानामागून आवाज आला. तिचाच, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी खाली उतरणारा.

“महोदय.”

हणमंतरावांना हसू आलं. त्यांना वाटलं, ती थट्टा करतेय.

“महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून…” आवाज थांबला. रत्नमालाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. “सदर बाब यापूर्वी वारंवार निदर्शनास आणून देऊनही…”

“कुठली बाब? पाणी हवंय?” हणमंतरावांनी पेला पुढे केला. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी उशी सरकवली, पडदा ओढला, पंखा कमी केला. तिने प्रत्येक वेळी मान हलवली आणि प्रत्येक वेळी एकेक वाक्य आलं, पूर्ण, निर्दोष, शिक्का मारून पाठवण्याजोगं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जराही हलत नव्हता.

“अहो म्हण, रत्ना. एकदाच. अहो.”

तिने डोळे मिटून सगळा जीव एकवटला.

“महोदय,” आवाज म्हणाला.

डॉक्टरांनी हणमंतरावांना बाजूला घेतलं. “ही वाक्यं कुणाची आहेत?”

“माझी,” हणमंतराव म्हणाले. “ती वाचून दाखवायची.”

“आणि त्यांचं बोलणं? त्यांचं स्वतःचं?”

हणमंतरावांनी आठवून पाहिलं. ती बोलत होतीच की. स्वयंपाकघरातून, पाठीमागून, ते वर्तमानपत्र वाचत असताना. ते कुणी साठवलं होतं? त्यांना तर त्यातलं धड एक वाक्यही शब्दशः आठवेना.

“हे काढून दुसरं घालता येईल?”

“जाळी एकदा रुजली की नाही, काका.” डॉक्टरांचाही आवाज उतरला होता.

घरी आल्यावर चार दिवस त्या गप्प होत्या. पाचव्या दिवशी सकाळी दहाला चहा झाल्यावर हणमंतरावांनी त्यांना उचलून वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसले. लॅपटॉप त्यांनी उघडला नाही. मांडीवर कागद घेतला, पेनचं टोपण काढलं.

“सांग,” ते म्हणाले. “जसं येईल तसं सांग. मी लिहितो.”

रत्नमालाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या काहीतरी शोधत होत्या, हे दिसत होतं. एकशे दहा तास उपसत होत्या, नवऱ्याच्या शब्दांच्या ढिगाऱ्यात आपल्यापुरतं काही सापडतं का ते बघत होत्या. शेवटी आवाज आला.

“स्मरणपत्र क्रमांक दोन.”

हणमंतरावांनी लिहून घेतलं.

“महोदय, आजतागायत आपणाकडून कोणतेही उत्तर प्राप्त झालेले नाही.”

त्यांचं पेन थांबलं. हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं. दर वेळी ते कुठल्या ना कुठल्या कचेरीला होतं. त्यांनी ते सावकाश, शुद्ध अक्षरात लिहिलं आणि पुढचं येईल म्हणून वाट पाहिली. पुढचं काही आलं नाही. रत्नमालाबाईंनी डावा हात उचलून कागदाकडे बोट केलं, मग त्यांच्या तोंडाकडे केलं, आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून घेतले.

हणमंतरावांनी चष्मा पुसला, आणि तिला तिचं पत्र वाचून दाखवलं.